बेकरीवाल्याच्या गावाचा इतिहास

तो आमच्या फाटकाशी आला तेव्हा मी गच्चीवर गाद्या उन्हात टाकत होते. नोव्हेंबर संपत आला होता. वरून पाहिलं तर एक उंच, गोरा म्हातारा पाठीवर पिशवी अडकवून "खोली भाड्याने देणे आहे" ही पाटी वाचण्याचा प्रयत्न करत उभा. मराठी त्याला येत नव्हती, तरी पाटी कसली आहे हे त्याला ठाऊक असावं, कारण मी खाली उतरताच त्यानं इंग्रजीत विचारलं, "खोली अजून रिकामी आहे ना?"

'अजून' हा शब्द मला खटकला.

वरची खोली मी ज्युनिअर कॉलेजातून रिटायर झाल्यावर भाड्यानं द्यायला लागले. आमच्याकडे येणारे लोक ठरलेले: परीक्षेसाठी आलेल्या मुली, नाहीतर दवाखान्यात पेशंट असलेले नातेवाईक. परदेशी माणूस पहिलाच. पासपोर्ट नेदरलँड्सचा. वय ऐंशीच्या आत-बाहेर. महिनाभर राहायचं म्हणाला.

"इकडे काय काम?" मी विचारलं.

"मी माझ्या गावाचा इतिहास लिहितो आहे."

"गाव कुठं आहे?"

"नेदरलँड्समध्ये. लहान आहे. चारशे घरं."

"मग त्यासाठी नागपुरात?"

तो म्हणाला, "इथं शांतता आहे."

आमचं घर मानेवाड्याला, रिंग रोडपासून दोन गल्ल्या आत. दिवसभर ट्रकचे हॉर्न, समोर लग्नाचा हॉल, शेजारी वेल्डिंगचं दुकान. मी मनात म्हटलं, बाई, हा खोटं बोलतो आहे.

तरी खोली दिली. परदेशी पाहुण्याची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन भरावी लागते, ती रीतसर भरली. धाकटा भाऊ बुटीबोरीला कारखान्यात आहे, त्याला फोनवर सांगितलं, तर तो भडकलाच.

"ताई, तुले काही समजते का? त्याच्या देशात टेबल-खुर्ची नाही काय? इतक्या लांब येऊन आपल्या गावाचं कोणी लिहिते का? तू त्याच्या कागदपत्रांचे फोटो काढून मले पाठव."

मी पाठवले. तेव्हा ते गैर वाटलं नाही.

आई तेव्हा पंच्याऐंशीची. सावनेरकडच्या शेतकऱ्याची मुलगी, अठराव्या वर्षी शहरात आली ती मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला, आणि मग तिथंच सगळी नोकरी केली. आता गुडघ्यांमुळे ती खालच्या खोलीतच असायची. पहिल्या संध्याकाळी मी त्याला तिच्याशी ओळख करून द्यायला आणलं. आई मटार सोलत बसली होती. त्यानं हात जोडले. मी म्हटलं, "हे हॉलंडचे आहेत, आई. आपल्या गावाचा इतिहास लिहून राहिले." आणि त्याला सहज विचारलं, "गावाचं नाव काय म्हणालात?"

त्यानं नाव सांगितलं. घशातून काढायचा एक आवाज त्यात होता, मला आजही तो जमत नाही. आईचे हात थांबले. एक शेंग अर्धी उघडलेली तशीच बोटांत राहिली. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "त्याले इचार, भाजीत तिखट चालते का."

त्या दिवसापासून आई बहिरी झाली. म्हणजे त्याच्यापुरती. तो समोर आला की तिला ऐकू यायचं नाही, इंग्रजी तर मुळीच कळायचं नाही. हीच बाई टीव्हीवर इंग्रजी बातम्या लावते आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीतलं स्पेलिंग दुरुस्त करते. मी एकदा विचारलं, "काय नाटक लावलं आहे तू?" तर म्हणाली, "तू कशाले मधात पडते वं? भाडेकरू आहे, भाडेकरूसारखं राहू दे."

आता घरात मला दोघांवर लक्ष ठेवावं लागत होतं.

तो मात्र रोज सकाळी गच्चीवर चहा पिताना मला त्याच्या गावाची गोष्ट सांगायचा. सांगायचा छान, हे कबूल केलं पाहिजे. गावाच्या कडेनं कालवा होता आणि कालव्यातलं पाणी घरांच्या उंबऱ्यापेक्षा उंच. बाहेरून आलेला माणूस घाबरायचा, गावातल्याला त्याचं काहीच नाही. फार पूर्वी लोकांनी जमिनीतला दलदलीचा काळा थर कापला, वाळवला आणि जळण म्हणून शहरांना विकला. जमीन खचली. तिथं पाणी भरलं. मग त्याच लोकांच्या नातवंडांनी पवनचक्क्या उभारून ते पाणी उपसलं आणि तळाशी गवत लावून गाई पाळल्या. "आम्ही स्वतःच खड्डा केला आणि स्वतःच त्यात राहायला गेलो," असं म्हणून तो हसला होता. एकदा बांध फुटला तेव्हा चर्चच्या माळ्यावर अख्खं गाव नऊ दिवस राहिलं, गुरांसकट. कोणत्या घरात कोण राहत होतं, कोणी कोणाशी लग्न केलं, सगळं त्याला पाठ.

पण दुसऱ्या महायुद्धाशी आला की तो कप खाली ठेवायचा. "ते नंतर," म्हणायचा. एकदा, दोनदा, चारदा. इतिहास शिकवत नसले तरी तीस वर्षं मी वर्गावर उभी राहिले आहे. पोरं ज्या धड्यावर येऊन अडखळतात तोच त्यांनी केलेला नसतो.

दुपारी तो बाहेर जायचा. कुठे जातो ते सांगायचा नाही. एक दिवस आमच्या गल्लीतला ऑटोवाला मला म्हणाला, "मॅडम, तुमचे फॉरेनर बाबा रोज मिशनच्या दवाखान्यात जातात. गेटवरच्या म्हाताऱ्या चौकीदाराजवळ बसून राहतात. तुमच्याकडे यायच्या पहिले बी मीच नेलं होतं त्यांना, स्टेशनजवळच्या हॉटेलातून."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा पाटी वाचत आलाच नव्हता. आईचं घर शोधत आला होता.

त्या दुपारी, तो नसताना, मी चादर बदलायच्या निमित्तानं वर गेले. चादर दोनच दिवसांपूर्वी बदलली होती. टेबलावर त्यानं हातानं काढलेला गावाचा नकाशा पसरला होता: कालवा, चर्च, रस्ता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चौकोनी घरं. प्रत्येक घरावर बारीक अक्षरात नावं. एका घराभोवती पेन्सिलीनं इतक्या वेळा गोल फिरवलं होतं की कागद फाटायला आला होता. बाजूला छापील पानांचा गठ्ठा. मी मोबाईल धरून भाषांतर केलं. युद्धाच्या वर्षांचं प्रकरण होतं, पण खाली एकच परिच्छेद: गावाबाहेरच्या शेतावर माळ्यात लपवलेल्या एका ज्यू कुटुंबाला सैनिकांनी पकडून नेलं, त्यातलं कोणीही परत आलं नाही, आणि बेकरीत काम करणाऱ्या एका तरुण मुलीनं खबर दिली असा गावाचा समज होता. त्यापुढे पान कोरं. पानाला टाचणीनं एक जुना फोटो लावला होता. पांढरा रुमाल बांधलेली एक उंच बाई, मागे आमच्याच मिशनच्या दवाखान्याची कमान. कडेला त्यानं लिहिलं होतं: बेकरीतली तीच मुलगी, नागपूर मिशन, चर्चच्या जुन्या कागदांतून.

मी तिला ओळखलं. लहानपणी मी आईबरोबर दवाखान्यात जायचे तेव्हा ती मला गालाला चिमटा काढायची. सगळे तिला इंग्रज बाई म्हणत, मीही म्हणायचे. आई तिला मोठ्या सिस्टर म्हणायची. मी शाळेत असतानाच ती वारली आणि इथंच, ख्रिस्ती कब्रस्तानात तिला पुरलं. ती इंग्रज नव्हतीच, हे मला वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, एका परक्या माणसाच्या टेबलावर कळलं.

संध्याकाळी तो आला तसा मी त्याला जिन्यातच अडवलं.

"तुम्ही माझ्या आईसाठी आलात. खरं सांगा, नाहीतर उद्या खोली सोडा."

त्यानं उघड्या दारातून टेबलाकडे पाहिलं. नकाशा मी नीट घडी घालून ठेवला होता, त्या घडीवरूनच माझी चोरी पकडली गेली. तो पिशवी खाली ठेवत म्हणाला, "चौकीदार म्हणाला की तिची सर्वांत जवळची विद्यार्थिनी जिवंत आहे आणि तिच्याकडे खोली भाड्यानं मिळते. मी आधीच सांगितलं असतं तर तुम्ही मला आत घेतलं असतं का?"

"आणि आता काय पाहिजे? एका मेलेल्या बाईला पुस्तकात गुन्हेगार ठरवायचं आहे?"

"नाही," तो म्हणाला. मग जिन्याच्या पायरीवरच बसला. "ती बेकरी माझ्या वडिलांची होती."

खालून आईचा आवाज आला. स्वच्छ, खणखणीत इंग्रजीत. "त्याला खाली घेऊन ये. बसायला सांग."

आईनं त्याला समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि चौकशी सुरू केली, जशी ती वॉर्डात नव्या पेशंटची करत असेल.

"तुमचे वडील आहेत?"

"नाहीत. फार वर्षं झाली."

"आई?"

"तीही नाही. एक मोठी बहीण आहे."

"बहिणीला माहीत आहे तुम्ही इथं आलात ते?"

"माहीत आहे. ती म्हणते, झाकलेलं झाकलेलंच राहू दे."

"मग शहाणी आहे ती," आई म्हणाली. "तुम्ही काहून उकरून राहिले?" शेवटचं मराठीत निघालं, मी भाषांतर केलं.

तो म्हणाला, गावकऱ्यांची एक समिती हे पुस्तक छापणार आहे आणि लिहायला त्यालाच नेमलं, कारण त्याच्याइतकं गाव कोणाला ठाऊक नाही. बाकी सगळं लिहून झालं. हे एक पान होईना. आपल्या घरात लहानपणापासून त्या मुलीचं नाव काढलं की वडील उठून बाहेर जायचे, एवढंच त्याला आठवत होतं. रागानं जायचे की कशानं, हे कळेना. "तिनं केलं असेल तर तसं लिहीन. दुसऱ्या कोणी केलं असेल तर तेही लिहीन."

आईनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग मला म्हणाली, "याले आता जेवायले वाढ. माझा इचार व्हायचा हाये."

दोन दिवस विचार चालला. त्या दोन दिवसांत भावानं चार वेळा फोन करून, त्याला घराबाहेर काढ, म्हणून सांगितलं. मलाही तेच वाटत होतं. मला वाटलं, हा बापाचा डाग धुवायला आला आहे. आईच्या तोंडून 'हो, तिनं कबूल केलं होतं' एवढं वदवून घेईल आणि जाईल. मी आईला तसं म्हटलंही.

"मले बी पहिल्या दिवशी तसंच वाटलं," आई म्हणाली. "म्हणून तर गप होती. पण दोन महिने झाले असते तरी त्याच्या तोंडून बेकरी निघाली नसती, तू जिन्यात धरलं नसतं तर. ज्याले खोटं लिहायचं असते तो इतका भेत नाही."

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं त्याला बोलावलं. तो फोनवर रेकॉर्ड करायला लागला तर तिनं हात केला. "बंद. लिहून घ्या. मग मला वाचून दाखवा."

तिनं जे सांगितलं ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

नर्सिंग शिकताना, पहिल्याच वर्षी, वॉर्डातल्या एका बाईच्या गळ्यातली सोन्याची साखळी नाहीशी झाली. त्या खाटेची पाळी आईची. खेड्यातून आलेली, अंगावर दोनच लुगडी असलेली मुलगी. सगळ्यांचं बोट तिच्याकडे वळलं. कोणी तोंडावर बोललं नाही. फक्त तिच्याजवळ ताटं मांडेनात, ती आली की ट्रंकांना कुलपं लागायला लागली. आठव्या दिवशी आईनं बोचकं बांधलं आणि सावनेरची बस पकडायला निघाली. फाटकापाशी मोठ्या सिस्टरांनी तिला गाठलं, ड्रेसिंगच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि डोक्याचा रुमाल सोडला.

"केस चांगले दाट होते त्यांचे, कमरेपर्यंत," आई सांगत होती. "मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. त्या म्हणाल्या, लढाई संपली तेव्हा, मीच खबर दिली असं ठरवून, हे माझ्या गावानं चौकात कापले होते. सगळे बघत होते. ज्यांच्या घरी मी रोज पाव पोचवायची ते सगळे."

त्याची पेन्सिल थांबली होती. आई म्हणाली, "लिहा."

लपलेल्या कुटुंबाला रेशनचं कार्ड नव्हतं. त्या शेतावर दोनच माणसं राहायची आणि पाव मात्र चौघापाचांचे जायचे. ते रोज सायकलीवर नेऊन द्यायची ती मुलगी, आणि भट्टीतून काढून मोजून द्यायचा बेकरीचा मालक. तिसऱ्या कोणाला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"सिस्टर म्हणाल्या, पाव किती जातात हे दोघांनाच माहीत होतं. मी सांगितलं नव्हतं."

त्यानं ते लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

"त्यांनी गावाला हे सांगितलं का नाही?" त्यानं विचारलं.

"मीही तेच विचारलं. म्हणाल्या, मालकाच्या घरी पाळण्यात लेकरू होतं, लढाई संपत आली तेव्हा जन्मलेलं. माझं डोकं भादरलं, त्याला तर त्यांनी कालव्यात टाकलं असतं. आणि त्यानं मुद्दाम केलं की बोलता बोलता कोणापुढं तोंडातून गेलं, हे मला ठाऊक नाही. मग मी पळून आले. पळाले म्हणून गावाला ते खरं वाटलं. तू पळू नको." आई थांबली. "मी नाही पळाली. साखळी कधीच सापडली नाही. पण चाळीस वर्षं मी त्याच वॉर्डात नोकरी केली."

मग तिनं त्याला विचारलं, "तुम्ही किती वर्षांचे?"

त्यानं वय सांगितलं. आईनं मान हलवली. पाळण्यातल्या त्या लेकराचा हिशोब तिनं केव्हाच मांडला असणार. तो उठला, खिडकीपाशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. माझा संशय तेव्हासुद्धा पुरता गेला नव्हता. मी त्याच्या खांद्यांकडे पाहत होते, हा खरंच रडतो आहे का म्हणून. तो खरंच रडत होता. मी पाणी आणायला उठले.

त्यानं सगळं वाचून दाखवलं. आईनं दोन ठिकाणी दुरुस्ती केली. 'पळून गेली' ऐवजी 'निघून गेली' लिहा, म्हणाली. खाली तिनं सही केली, मीही केली. जायच्या आदल्या दिवशी मी त्याला कब्रस्तानात घेऊन गेले. तो तिथं फार वेळ थांबला नाही. थडग्यावरचं गवत हातानं उपटलं, ढीग कडेला नीट रचला आणि निघाला.

पुस्तक सहा महिन्यांनी पोस्टानं आलं. जाड, गुळगुळीत, मुखपृष्ठावर कालवा. मी मोबाईल धरून ते पान काढलं आणि आईला वाचून दाखवलं. त्यानं शब्द फिरवला नव्हता. वडिलांचं नाव, बेकरी, पाव, सगळं होतं. पण त्याखाली बारीक अक्षरात समितीनं एक ओळ घातली होती: या हकिकतीला कागदोपत्री पुरावा नाही आणि ती सांगणाऱ्या परदेशी बाईंशी समितीची भेट झालेली नाही. सोबतच्या पत्रात त्यानं लिहिलं होतं की ती ओळ काढायला त्यानं फार भांडून पाहिलं. बहिणीनं बोलणं टाकलं आहे. रस्त्यात काही लोक हात मिळवतात, काही पलीकडच्या फुटपाथवर जातात.

आई चिडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "बरोबर हाये त्यांचं. मी कोण त्यांची? मी त्यांच्या जागी असती तरी हेच लिहिलं असतं." मग मला कागद घ्यायला लावून पत्र सांगितलं. तिनं फक्त चार ओळी घातल्या: मी जिवंत आहे, माझं डोकं शाबूत आहे, ज्याला विचारायचं त्यानं विचारावं, गुरुवारी माझी फिजिओथेरपी असते, तो वार सोडून.

दिवाळीच्या आधी एका दुपारी व्हिडिओ कॉल आला. समितीतली एक बाई होती, पन्नाशीची, ज्या शेतावर ते कुटुंब लपलं होतं त्या घरची सून. आईनं इस्त्रीची साडी नेसली होती आणि केसांना तेल लावून घेतलं होतं. त्या बाईचे प्रश्न नम्र होते, पण वकिलासारखे. सिस्टरांना डचमध्ये बोलताना तुम्ही कधी ऐकलंत का? रुमालाचा रंग कोणता? हे सगळं तुम्ही इतकी वर्षं कोणाला का सांगितलं नाही?

आई एकेकाचं उत्तर देत गेली. मी शेजारी बसले होते, आणि माझ्या लक्षात आलं की मीही एकेक शब्द तोलून ऐकते आहे, गेल्या वेळच्याशी जुळवून बघते आहे, कुठे काही फरक पडतो का म्हणून. शेवटच्या प्रश्नावर आईनं चष्मा काढून पुसला.

"मला कोणी विचारलं नाही," ती म्हणाली. "माझ्या मुलीनंसुद्धा नाही."

पलीकडची बाई बराच वेळ काही लिहीत होती. मग तिनं मान वर करून विचारलं, पुढच्या बुधवारी पुन्हा बोलता येईल का, तिच्या सासूबाईंनाही ऐकायचं आहे. आईनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "येऊ दे त्यांना. पण तू मधात बोलू नको."